वहिवाट

हॉलच्या भिंतींना ओल आहे, म्हणून फोटो
दोरीवर टांगलेत, कपड्यांच्या चिमट्यांनी.
चिमटे मॅव्हिस डिन्सडेलच्या घरचे.
एकात अजून लोकरी मोज्याचा निळा धागा.

झालं असं, की मार्चमध्ये
वरच्या कुरणाच्या तोंडाशी तार आली, काटेरी,
आणि पाटी: इथून वाट नाही.
नवा मालक वाईट माणूस नव्हे.
त्याच्या नकाशात ती खरंच नव्हती.
आमच्या पायांत होती.

कौन्सिलने कळवलं, वीस वर्षांची वहिवाट दाखवा.
मग खाटांखालून बुटांचे खोके निघाले,
बिस्किटांचे पत्र्याचे डबे,
कुणाच्या मेलेल्या भावाचा अख्खा अल्बम,
पानं एकमेकांना चिकटलेली.
चहा गार होईपर्यंत आम्ही शोधत बसलो
आणि कळलं, वाटेचा फोटो
कुणीच काढला नव्हता.

काढला होता टॉफी कुत्र्याचा.
वाट त्याच्या शेपटीमागे, जरा अस्पष्ट.
काढला होता हिल्डाच्या लग्नाचा:
पांढरा झगा गुडघ्यांपर्यंत उचललेला,
खाली वडिलांचे रबरी बूट, दोन मापं मोठे,
आणि चर्चपर्यंत चिखल.
कुणी नवी सायकल टिपलेली, कुणी ढग,
कुणाचा अंगठाच निम्म्या आकाशावर.
सगळ्यांच्या मागून ती आपली जातेच आहे,
पाहुण्यांच्या गर्दीत पाणी देत फिरणाऱ्या
घरच्या बाईसारखी.

एक एकोणऐंशी सालच्या बर्फातला.
कुंपणाच्या भिंती बुडालेल्या, वाट तर दिसतच नाही.
पण पाच माणसं, एकामागे एक, पावाच्या पिशव्या घेऊन
नेमकी जिथं ती असायची तिथूनच चाललीत,
नेहमीच्या जागी वळलीतसुद्धा.
वकीलबाई म्हणाल्या, सगळ्यांत भक्कम पुरावा हाच.

आयव्हर थ्वेट कुठल्याच फोटोत नाही.
एकतीस वर्षं त्याने या वाटेने टपाल वाहिलं,
पण टपालवाल्याचा कोण फोटो काढतं?
लोक त्याच्या हाताकडे बघतात.
शनिवारी तो आला, हात पाठीमागे बांधून
दोरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला,
मग परत सतराव्या फोटोपाशी.
त्यात मॅव्हिसची धाकटी, आईस्क्रीमसाठी रडणारी,
भिंत ओलांडायच्या दगडी पायरीवर बसलेली.
आयव्हरने बोट ठेवलं मुलीच्या शेजारी,
दगडात वाटीएवढा खळगा होता तिथं.
‘ही माझी डावी टाच,’ म्हणाला.
आणि चहाला गेला.

कौन्सिलचं उत्तर अजून नाही.
आम्ही पत्राची वाट बघतो,
आणि रविवारी जाऊन वाटही बघतो.
खाली नदीकडून ओढ्यापर्यंत, ओढ्यावरून तारेपर्यंत,
प्रत्येकाच्या हातात फोन किंवा कॅमेरा,
चाळिशी पुसत, मेंढ्यांना वळसा घालत.
आता मुद्दाम तिचाच फोटो काढायचा
तर जमत नाही.
कुणी ना कुणी मध्ये येतंच.
‘बाजूला हो गं हिल्डा!’ असं ओरडतो,
ती हलते तोवर टॉफीचा नातू येतो.

जोडी नऊ वर्षांची. ती सरळ पोटावर झोपली
ओल्या गवतात, तारेच्या खाली तोंड करून.
आई रागावली, कोट नवा होता.

तिचा फोटो शेवटचा, त्रेचाळीसावा.
त्यात माणूस नाही, कुत्रा नाही.
तारेला मेंढीच्या लोकरीचा पुंजका,
आणि तारेच्या पलीकडे, मालकाच्या बाजूला,
दव पुसलं गेलेली एक बारीक रेघ,
दोन्ही अंगांना गवत झुकलेलं,
अजून उठून उभं राहायचं होतं.

त्यालाही पाण्याकडे उतरायला
दुसरीकडून जमत नसणार.

आम्ही त्या फोटोला दोन चिमटे लावलेत.